खाटेवरचे दहा दिवस

सत्तरी ओलांडलेला माणूस न्यूमोनिया झाला म्हणून दवाखान्यात दाखल होतो. शिरेतून अँटिबायोटिक सुरू होतं, चौथ्या दिवशी ताप उतरतो, ऑक्सिजनची नळी निघते आणि दहाव्या दिवशी डिस्चार्जचा कागद हातात पडतो. येताना तो रिक्षातून उतरून आपल्या पायांनी पायऱ्या चढलेला असतो. जाताना दोघांनी काखेत हात घालून त्याला गाडीत बसवावं लागतं. घरी आल्यावर खुर्चीतून उठवत नाही, संडासापर्यंत जायला भिंत धरावी लागते आणि महिन्याभरात तो अंथरुणालाच खिळतो. आल्यागेल्याला घरचे सांगतात, ‘त्या आजारानं पार खचवलं हो त्यांना.’ पण आजार तर बरा झालेला असतो. अशा कितीतरी माणसांना खचवलेलं असतं ते त्या दहा दिवसांच्या खाटेनं.

ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. १९४७ साली रिचर्ड अ‍ॅशर या लंडनच्या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर एक छोटा लेख लिहिला. तो काळ असा होता, की बाळंतीण असो की हृदयविकाराचा रोगी, आठवडेच्या आठवडे पडून राहणं हाच उपचार समजला जाई. अ‍ॅशर यांनी एकेक अवयव घेऊन दाखवलं, की पडून राहिल्यानं पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, हाडांतलं कॅल्शियम निघून जातं, मलावरोध होतो, पाठ सोलते आणि मनाची उभारी जाते. साठ वर्षांनी, २००७ मध्ये, अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याचं माप घेतलं. धडधाकट, हिंडत्याफिरत्या वयस्क स्वयंसेवकांना त्यांनी दहा दिवस अंथरुणात ठेवलं. तेवढ्यात दोन्ही पायांचं मिळून सुमारे एक किलो मांस झडलं. या लोकांना ताप नव्हता आणि जेवण वेळच्या वेळी मिळत होतं. तापानं फणफणलेल्या, अर्धपोटी म्हाताऱ्या माणसाची झीज याहून वेगानं होते.

औषधं आणि ऑपरेशनं यांबद्दल आपण पुष्कळ बोलतो. शुश्रूषेचा विषय निघाला की मात्र सेवा, ममता, त्याग यांवरच थांबतो. त्यात खोटं काही नाही, पण त्याच्या आड एक गोष्ट झाकली जाते. कूस बदलणं, तोंड धुणं, पाणी पाजणं, संडासला नेणं, चार पावलं चालवणं ही ज्ञानाची कामं आहेत. त्यांच्यामागे शरीरशास्त्र आहे, मोजमाप आहे आणि चुकल्यास जीव जाण्याइतकी जोखीम आहे. शिवाय म्हाताऱ्या रोग्याबद्दलची बरीचशी खरी माहिती याच कामांच्या वेळी हाती लागते. अंग पुसताना पाठीवरचा डाग दिसतो, युरिन पॉट रिकामं करताना लघवीचा रंग दिसतो, घास भरवताना ठसका ऐकू येतो. जी व्यक्ती ही कामं करते तिला रोगी दिसतो. बाकीच्यांना बहुधा त्याची फाइल दिसते.

व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन परिचारिकेनं या कामांची नीट मांडणी केली. परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी लिहिलेली तिची पुस्तिका १९६० मध्ये निघाली. तिनं माणसाच्या १४ गरजा धरल्या. श्वास, खाणंपिणं, मलमूत्र, हालचाल, झोप इथपासून सुरुवात करून ती आपल्या मनातलं बोलता येणं, श्रद्धेप्रमाणे वागता येणं, काहीतरी काम करता येणं, करमणूक आणि शिकणं इथपर्यंत जाते. अंगात ताकद असती, इच्छा असती, माहिती असती तर जे माणसानं स्वतःच केलं असतं ते करायला त्याला मदत करायची, आणि तीही अशी की तो लवकरात लवकर पुन्हा स्वतःचं स्वतः करू लागेल, असा तिचा विचार. यातला दुसरा भाग आपल्याकडे हमखास सुटतो. आपल्या घरांत माया म्हणजे सगळं हातात देणं. ‘तुम्ही पडून राहा, काही करू नका’ असं सून सासऱ्याला कळवळून सांगते. आजोबांच्या हाताला धरून चमचा तोंडापर्यंत नेऊ द्यायचा तर अर्धा तास जातो. भरवलं तर दहा मिनिटांत ताट रिकामं. वॉर्डातल्या घाईत आणि घरातल्या मायेत, दोन्हीकडे आजोबांचा हात निकामी होत जातो.

पाठ आणि त्वचा यांवर थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण बेडसोअर ही शुश्रूषेची सर्वांत जुनी परीक्षा आहे. आपण झोपेतही सारखे हलतो. एका जागी दाब वाढला की तिथं कळ लागते आणि जाग न येता आपण कूस बदलतो. अशक्त, गुंगीतल्या किंवा लकवा झालेल्या माणसाचं हे हलणं थांबतं. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं जातं, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि तिथल्या पेशी उपाशी मरू लागतात. माकडहाड, टाचा, खुबे, बसण्याची हाडं या ठरलेल्या जागा. पुष्कळदा नुकसान आत, हाडापाशी सुरू होतं. म्हणून वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत तळहाताएवढी निघते.

सुरुवातीची खूण पुस्तकात अशी दिलेली असते, की त्वचा लाल होते आणि बोटानं दाबलं तरी लाली जात नाही. गोऱ्या कातडीवर ती चटकन कळते. आपल्या सावळ्या, काळ्या त्वचेवर ती दिसेलच असं नाही. तिथं आजूबाजूपेक्षा गडद किंवा जांभळट झालेला भाग शोधायचा, आणि नुसत्या डोळ्यांवर न विसंबता हातानं पाहायचं. तो भाग शेजारच्या त्वचेपेक्षा गरम आहे का, टणक आहे का, की पिलपिलीत लागतोय, हात लावल्यावर रोगी कण्हतो का? उजेडात, रोज, अंग पुसताना हे पाहायचं असतं. डायपर बदलण्याची वेळ ही पाठ बघण्याचीही वेळ असते.

१९६२ मध्ये लंडनमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेनं दोन सहकाऱ्यांबरोबर वृद्ध रोग्यांच्या शुश्रूषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोवर वॉर्डावॉर्डांत पाठीला काय काय चोपडलं जाई. नॉर्टननं दाब हलवण्यावर भर दिला आणि रोग्याचा धोका आधीच ओळखण्यासाठी एक सोपी गुणपद्धती दिली. शरीराची एकूण अवस्था, मनाची अवस्था, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल, मलमूत्रावरचा ताबा या पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ४ गुण. बेरीज १४ किंवा त्याहून कमी आली की धोका. पुढे १९८७ मध्ये आलेली ब्रेडन पद्धती आज जास्त वापरली जाते. तिच्यात ओलसरपणा, आहार आणि घर्षण यांचाही हिशेब आहे. कोणतीही वापरा, दाखल झाल्यावर पहिल्याच दिवशी वापरली तर तिचा उपयोग.

दर दोन तासांनी कूस बदलायची ही चाल सर्वांना ठाऊक आहे. ती कशी बदलायची हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पूर्ण कुशीवर वळवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. म्हणून पाठीमागे उशी लावून ३० अंशांइतकंच कलतं ठेवायचं. टाचांखाली उशी ठेवायची नाही, पोटरीखाली ठेवायची, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. रोगी खाली सरकला की काखेत धरून वर ओढायची आपली सवय वाईट. ओढताना कातडी चादरीला चिकटून राहते, हाड पुढे जातं आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणून तुटतात. दोघांनी आडव्या चादरीसकट उचलून सरकवायचं. मध्ये भोक असलेल्या रिंगा आता वापरू नयेत, कारण त्या भोकाच्या कडेला रक्तपुरवठा तोडतात. लाल झालेल्या हाडाच्या जागी स्पिरिट आणि पावडर लावून चोळणं आपल्याकडच्या परिचारिकांच्या कित्येक पिढ्यांना शिकवलं गेलं; तेही सोडून द्यायला हवं, कारण आत आधीच दुखावलेलं मांस चोळण्यानं आणखी फाटतं. आणि एअर बेड आणला म्हणून कूस बदलायचं काम संपत नाही. त्याचा पंप चालू आहे ना हे पाहावं लागतं. त्यावर जाड गोधडी अंथरली तर तो असून नसल्यासारखा.

हे सगळं सांभाळून काय साधता येतं याचं उदाहरण मुंबईत आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. परिचारिकांच्या पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, आणि प्रत्येक पिढीनं त्यांना आंघोळ घातली, कूस बदलली, मऊ केलेलं अन्न तोंडानं भरवलं. नळीनं अन्न द्यायची वेळ आली ती २०१० मध्ये, मलेरियानं त्यांचं खाणं मंदावल्यावर. त्यांच्यासाठी केलेल्या दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झाला नाही हे त्या प्रकरणाच्या निमित्तानं देशासमोर आलं. त्यांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असंही न्यायालयानं मानलं. या घटनेची चर्चा गुन्हा आणि कायदा यांच्याच अंगानं होत राहिली. शुश्रूषेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात तिला स्वतंत्र प्रकरण मिळायला हवं असं मला वाटतं.

आता डोक्याकडे. रात्री अचानक आजी बरळायला लागतात. गेलेल्या भावाला हाका मारतात, सलाईन उपटतात, मुलीला ओळखत नाहीत. सकाळी बऱ्या वाटतात आणि संध्याकाळी पुन्हा तेच. नातेवाईक म्हणतात, वात झालाय; शेजारचा म्हणतो, वयामुळे; आणि कुणीतरी सिस्टरला झोपेचं इंजेक्शन द्यायला सांगतं. ही अवस्था म्हणजे डिलिरियम, आणि ते मेंदूचं तातडीचं आजारपण आहे. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. डिलिरियम तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि त्यात लक्ष एका जागी ठरत नाही. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले तर शनिवार, शुक्रवार इथवर येऊन माणूस अडखळतो, भलतंच बोलू लागतो. आरडाओरडा करणारा रोगी सगळ्यांच्या लक्षात येतो. पण डिलिरियमचा एक गप्प प्रकार असतो. त्यात माणूस नुसता झोपून राहतो, जेवत नाही, हाकेला उशिरा ओ देतो. वॉर्डात त्याला ‘शांत पेशंट’ म्हणतात आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. या गप्प प्रकारात जिवाला धोका कमी नसतो.

डिलिरियमची कारणं शोधताना आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. लघवी तुंबली आहे का, चार दिवस पोट साफ झालं नाही का, पाणी कमी पडलंय का, कुठं दुखतंय का, नवं औषध सुरू झालंय का, रात्रभर दिवे आणि आवाज यांत झोप लागली नाही का? चष्मा आणि कानाचं यंत्र घरी राहिलंय का? आंधळा-बहिरा करून टाकलेल्या माणसानं अनोळखी खोलीत भानावर राहावं तरी कसं! १९९९ मध्ये शॅरन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सत्तरीपुढच्या ८५२ रोग्यांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला त्याबरोबर रोज वार-तारीख-जागेची आठवण, दिवसातून काही वेळा चालवणं, चष्मा आणि श्रवणयंत्र, पुरेसं पाणी, आणि झोपेच्या गोळीऐवजी गरम पेय, शांतता, पाठीवरून हात. पहिल्या गटात १५ टक्के लोकांना डिलिरियम झाला, दुसऱ्यात ९.९ टक्के. या यादीत विकत आणायचं औषध एकही नाही. आपल्याकडे नातेवाईक रोग्यापाशी राहू शकतात ही केवढी मोठी सोय आहे! त्यांना नुसतं बाकावर बसवण्याऐवजी हे काम शिकवलं तर? कॅलेंडर आणि घड्याळ दिसेल असं लावा, सकाळी खिडकी उघडा, पेपर वाचून दाखवा, रोज हरिपाठ म्हणणाऱ्या आजोबांना तो म्हणू द्या, नातवाबद्दल बोला. हात बांधणं हा शेवटचा उपाय आहे. बांधलेला माणूस अधिक घाबरतो, अधिक झटापट करतो. हात बांधलेले दिसले तर नातेवाइकांनी ते का बांधले आणि कधी सोडणार हे विचारायलाच हवं.

तोंडाची स्वच्छता हा वॉर्डात सर्वांत आधी सुटणारा भाग. अंग पुसलं जातं, केस विंचरले जातात, दात मात्र तसेच. तोंडात साचलेले जंतू लाळेबरोबर, ठसक्याबरोबर फुप्फुसात उतरतात आणि नवा न्यूमोनिया होतो. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं हे तपासलं गेलं. जेवणानंतर ज्यांचे दात नीट घासले जात होते त्यांच्यापैकी ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, ज्यांना अशी काळजी मिळत नव्हती त्यांच्यात १९ टक्के. तोंडाच्या काळजीनं एवढा फरक! मऊ ब्रश, जीभ आणि गालांच्या आतली बाजू, रात्री कवळी काढून धुऊन पाण्यात ठेवणं, बस्स. दात नसलेल्या माणसाच्याही हिरड्या आणि जीभ पुसायची असते.

भरवण्याबद्दल एकच गोष्ट घट्ट धरली तरी पुष्कळ: आडव्या माणसाच्या तोंडात काही घालू नये. नीट उठवून बसवायचं, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, पहिला घास गिळल्याची खात्री झाली की दुसरा, आणि जेवल्यावर अर्धा तास बसूनच. गुंगीत असेल तर भरवायचंच नाही. गिळणं बिघडलेल्या माणसाला सगळ्यांत अवघड जातं ते पाणी. ते वेगानं घशात उतरतं आणि श्वासनलिका मिटायला वेळ मिळत नाही. त्यापेक्षा दाटसर पेज सोपी. घोट घेतल्यावर खोकला आला किंवा आवाज घरघरीत, ओलसर झाला तर थांबून सिस्टरला सांगावं.

पाणी कमी पडण्यामागे आणखी एक कारण असतं आणि ते कोणत्याही चार्टवर येत नाही. वयानुसार तहान मंदावते हे खरं. पण पुष्कळ म्हाताऱ्या बायका पाणी मुद्दाम पीत नाहीत. प्यायलं की लघवीला लागणार, मग बेल वाजवायची, मावशीची वाट बघायची, अर्धवट पडद्याआड बेडपॅन घ्यायचं, आणि रात्रपाळीला वॉर्डबॉय असला तर त्याच्यासमोर. त्यापेक्षा कोरड्या घशानं पडून राहिलेलं बरं असं त्यांना वाटतं. त्यातून लघवीचा संसर्ग, मलावरोध, रक्तदाब उतरणं आणि वर सांगितलेलं बरळणं, सगळी साखळी सुरू होते. पडदा पूर्ण ओढणं आणि बेलची वाट न पाहता दर दोन-तीन तासांनी ‘बाथरूमला जायचंय का?’ म्हणून येणं, हा पाणी पाजण्याचाच भाग आहे. पुष्कळसे रोगी पडतात तेही घाईनं एकट्यानं संडासकडे जाताना. पडून राहिलेला माणूस एकदम उभा राहिला तर वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा त्याहून जास्त उतरू शकतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी खाटेच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसवायचं, चप्पल घसरणारी नको, खाट खाली आणलेली, रात्री मंद दिवा, बेल हाताशी.

ही सगळी खटपट टाळायची सोय म्हणून घातलेल्या कॅथेटरला, म्हणजे लघवीच्या नळीला, माझा विरोध आहे. कॅथेटर राहील त्या प्रत्येक दिवशी लघवीत जंतू शिरण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. लघवी तुंबली आहे, मोठं ऑपरेशन झालंय, दर तासाला लघवी मोजायची आहे, अशी कारणं असतील तर तो हवाच. तेव्हा पिशवी मूत्राशयाच्या खाली आणि जमिनीला न टेकता ठेवायची. पण ‘आज हा लागतोच का?’ हे रोजच्या राउंडला कुणीतरी विचारलं पाहिजे.

म्हाताऱ्या शरीरात आजार दबक्या पावलांनी येतो. मोठा संसर्ग असूनही ताप येत नाही; हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता नुसता थकवा आणि दम म्हणून येतो. म्हणून आकड्यांइतकाच बदलाला अर्थ असतो. काल बसून चहा घेणारे आज मान वर करत नाहीत, हीच मोठी बातमी. आकड्यांपैकी ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं तो म्हणजे श्वासाचा वेग. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. २५ च्या वर गेला की धोक्याची घंटा. तो अंदाजानं लिहायचा नसतो. नाडीवर हात ठेवल्यासारखं करून, रोग्याला न सांगता, पूर्ण एक मिनिट छाती बघत मोजायचा असतो. अनुभवी सिस्टर जेव्हा म्हणते, ‘डॉक्टर, आकडे ठीक आहेत पण मला आज हे बरे वाटत नाहीत,’ तेव्हा त्या वाक्यामागे शेकडो पाहिलेल्या चेहऱ्यांची नोंद असते. ते वाक्य राउंडवर ऐकलं गेलं पाहिजे.

हे सगळं करायला माणसं किती? भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रोग्यांमागे एक परिचारिका हवी. आपल्या सरकारी वॉर्डात ज्यानं एक रात्र काढली आहे त्याला वस्तुस्थिती सांगायला नको. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांमधली ३०० रुग्णालयं आणि चार लाखांहून जास्त शस्त्रक्रियेचे रोगी यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेवर एक रोगी वाढला, की रोगी दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते असं त्यात आढळलं. श्रीमंत देशांतही हे घडतं. इंग्लंडच्या स्टॅफर्ड रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात खर्चकपातीसाठी कर्मचारी कमी केले गेले. रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल २०१३ मध्ये आला. रोगी मळलेल्या चादरीत तासन्‌तास पडून असत, पाण्याचे पेले हात पोचणार नाही असे ठेवलेले असत, आणि तहानेनं व्याकूळ होऊन काहींनी फुलदाणीतलं पाणी प्यायल्याच्या हकिगती पुढे आल्या. तिथं औषधांची किंवा यंत्रांची टंचाई नव्हती. पाणी देणारा हात नव्हता.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. इंजेक्शन, औषधं, नोंदी सिस्टरकडे. बेडपॅन आणि साफसफाई मावशींकडे. भरवणं, पुसणं, कूस बदलणं नातेवाइकांकडे. अशी वाटणी न बोलता झालेली असते. ज्याला जे दिसतं ते दुसऱ्याला कळत नाही. मावशींना पाठीवरचा डाग पहिल्यांदा दिसतो, पण त्यांना ते विचारत कुणी नाही. शिफ्ट बदलताना मावशींनाही दोन मिनिटं उभं करून ‘आज कुणाचं काय पाहिलंत?’ असं विचारायला काय हरकत आहे? शिफ्ट बदलताना आणखीही एक विचारता येईल: रोग्याला काय नावानं हाक मारायची. तीस वर्षं मुख्याध्यापिका असलेल्या बाई दाखल झाल्या की एका तासात ‘ए आजी’ किंवा ‘सात नंबर’ होतात. ‘अहो कुलकर्णी बाई’ म्हटलं की त्यांची मान ताठ होते, आणि ज्याची मान ताठ होते तो उठून बसण्याचाही प्रयत्न करतो.

डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकांच्या हातात गोळ्यांची यादी आणि बिल असतं. शिकवण मात्र आधीच्या दोन-तीन दिवसांत द्यायला हवी, तीही तोंडी नको. मुलानं किंवा सुनेनं स्वतःच्या हातानं कूस बदलावी, खाटेवरून खुर्चीत बसवावं, नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब असेल तर तीतून अन्न द्यावं, आणि सिस्टरनं शेजारी उभं राहून पाहावं. ब्युरोतून केअरटेकर येणार असेल तर तिलाही एक दिवस आधी वॉर्डात बोलावून घ्यावं. गेलेले स्नायू परत मिळवायला गेले त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि ते गोळीनं येत नाहीत. हातांच्या खुर्चीवरून उठणं-बसणं, सुरुवातीला दोन-तीनदा, मग दिवसातून चार-पाच वेळा. वॉकर घेऊन दारापर्यंत, मग अंगणापर्यंत. आणि ताटात प्रथिनं. आजारातून उठलेल्या वृद्धाला वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. वरणाच्या एका वाटीत ती पाच-सात ग्रॅम असतात, एका अंड्यात सुमारे सहा. म्हणजे पथ्याचा मऊ भात आणि पातळ वरण यावर हे भागत नाही; दूध, दही, पनीर, अंडी, मासे, घट्ट वरण, मोड आलेल्या मुगाचं कढण असं काही ना काही प्रत्येक खाण्यात हवं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.